बर्नेटाची निळी शाल

मी एक जुनी कात्री आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसो. मित्रांनो, मी एका संत बाईच्या घरात नांदले आहे.

हल्ली मी ग्लेन वेव्हर्लीच्या एका कॅथलिक शाळेत, काचेच्या कपाटात असते. मराठी कुठे शिकलीस म्हणाल, तर इथल्या ऑफिसातली नीलिमा कपाट पुसता पुसता पुण्याच्या बहिणीशी फोनवर भांडते, त्यावर शिकले. तिची उर्वी शाळा सुटली की आईची वाट बघत माझ्यासमोर चिप्स खात बसते. माझी गोष्ट रोज तीच ऐकते. कपाटात माझ्या शेजारी मखमलीवर आणखीही काही मांडलं आहे. तिकडे बघायची गरज नाही.

बॅलरॅटच्या लोहाराने मला घडवलं तेव्हा माझी धार अशी होती, की वाऱ्याची झुळूक पात्यांमधून गेली तर दोन होऊन बाहेर पडे. एका शिंप्याने मला घेतलं. तो आणि त्याची बायको लवकर गेले. मागे राहिल्या तीन मुली आणि मी. थोरली मार्था, मधली ॲग्नेस, धाकटी बर्नेटा. शिवणावर घर चाले. लग्नाचे झगे मी कापले. बायका मला हातात घेऊन वाखाणत. तो माझा सुखाचा काळ.

बर्नेटा गावातल्या आजाऱ्यांच्या उशाशी बसे. तिचा हात लागला की ताप उतरतो, अशी बोलवा झाली. मग तिनेच छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं, आणि दाराशी रांग लागली. त्या कॅथलिक लोकांत रीत अशी, की संताच्या कपड्याचा इवलासा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून जपायचा. ही रीत माणूस गेल्यानंतरची. पण मार्था दूरदर्शी. मेल्यावर गर्दीत नीट कापायला मिळायचं नाही, म्हणून तिने आधीच सुरुवात केली. रुमाल गेला, टोपी गेली, झग्याच्या बाह्या गेल्या. लोक तुकडे घेऊन डोळे पुसत जात. बर्नेटा कशी आहे, हे एकानेही विचारलं नाही.

जुलै आला, म्हणजे इकडचा ऐन हिवाळा. बॅलरॅटचा जुलै म्हणजे खिडकीला आतून बर्फ. अंगावर उरली होती आईची निळी लोकरी शाल. खोकताना शालीत तोंड खुपसू नकोस, डाग पडतील, असं ॲग्नेस तिला बजावत असे. एका सकाळी मार्था मला घेऊन आली. ॲग्नेसने शालीचं टोक ताणून धरलं.

"एवढी राहू दे गं," बर्नेटा म्हणाली. "थंडी वाजते."

"संतांना थंडी वाजत नसते, बर्नी," मार्था म्हणाली, आणि तिने मला उघडलं.

आता नीट ऐका, मित्रांनो. मी आ वासला तो वासलाच. मार्थाने दोन्ही हातांनी दाबलं. ॲग्नेस माझ्यावर बसली. लोहार घण घेऊन आला आणि घाम पुसत परत गेला. माझी पाती काही मिटली नाहीत. शाल अख्खी राहिली, आणि बर्नेटा शेवटपर्यंत त्या उबेत निजली. तेव्हा मित्रांनो, माणूस जिवंत आहे तोवर त्याला पांघरूण घाला. आणि मलाही अधूनमधून तेलाचा थेंब द्या, कारण ज्या कात्रीने एका संताची शाल...

उर्वीने चिप्सची पिशवी खाली ठेवली आणि काचेला नाक लावलं.

"हँग ऑन," ती म्हणाली. "मग तुझ्या शेजारचे हे निळे तुकडे कसले?"