चूल माझी हाय

कारंजा घाडगेच्या हायवेला लागून असलेल्या एका ढाब्याच्या मागच्या बाजूला धुरपता उईके लांब रोटी करायची. पीठ इतकं सैल मळलेलं असायचं की दुसऱ्या बाईच्या हातातून ते सरळ जमिनीवर ओघळलं असतं. धुरपता ते या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि विस्तवावर उपड्या ठेवलेल्या मडक्यावर अलगद पसरायची. रोटी रुमालासारखी पातळ व्हायची. तिची आई कारंज्याच्या आठवडी बाजारात हेच काम करायची. धुरपता सातव्या वर्षी शिकली होती आणि आता तिला सेहेचाळिसावं लागलं होतं.

बोरगाव मेघेचा भूपेंद्र कॅटरर एक दिवस तिला शोधत ढाब्यावर आला. वर्ध्याच्या नानाजी शेठची नात, गुंजन, लंडनला राहत होती आणि तिचं लग्न इटलीतल्या कुठल्याशा खेड्यात होणार होतं. ऐंशी वर्षांच्या नानाजींनी एकच हट्ट धरला होता. पंगतीत लांब रोटी पाहिजे.

"मावशी, विमानानं जायचं, आठ दिवस राहायचं," भूपेंद्र म्हणाला. "पासपोर्ट, व्हिसा सगळं माझ्याकडे."

धुरपतानं नवऱ्याकडे पाहिलं. पुनाजी जंगल खात्याच्या रोपवाटिकेत मजुरी करायचा, बोलायचा कमी. "जायचं असन तं जाय," एवढंच तो म्हणाला. मग थोड्या वेळानं विचारलं, "तिथं सरपण भेटन का?"

धुरपतानं सोबत आपल्या बहिणीच्या मुलीला, अंजूला घेतलं. तीन मडकी गोणपाटात, गवतात बांधून घेतली.

इटलीत विमानातून उतरून गाडीनं तीन तास गेल्यावर डोंगरउतारावर एक जुनं दगडी घर आलं. भोवती द्राक्षांचे मळे, मळ्यांच्या पलीकडे ऑलिव्हची झाडं. द्राक्षांची तोडणी चालू होती. धुरपतानं गोणपाट सोडलं, तर तिन्ही मडक्यांच्या खापऱ्या झालेल्या.

तिला खापऱ्यांचं दुःख करायलाही वेळ मिळाला नाही. भूपेंद्रनं त्या दोघींना बाजूला घेतलं.

"एक गोष्ट आहे मावशी. नानाजींच्या बायको, शोभाबाई, फार कडक आहेत. स्वयंपाकाले आपल्यातलेच लोक पाहिजेत अशी त्यांची अट होती. मी हो म्हटलं. तं इथं तुम्ही दुर्गाबाई. आपल्या आचारी महाराजांची बहीण. कोणी विचारलं तं तेवढंच सांगजा."

"काऊन?"

"आता काऊन म्हणजे... लग्नाच्या तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"पासपोर्टवर धुरपता लिवलं हाय," ती म्हणाली. "इमानतळावरच्या साहेबानं ते वाचलं, शिक्का मारला अन् मले सोडलं. त्याले अडचण नाई आली, तं तुमच्या शोभाबाईले काऊन?"

भूपेंद्र हसला, तिनं गंमत केली असं समजून. "समजून घ्या ना मावशी," म्हणून तो पुढच्या कामाला निघूनही गेला.

रात्री अंजू म्हणाली, "मावशी, राहू दे नं. आपलं काय जाते?"

"तुले अंजूच राहू देल्लं, म्हणून तुले काई जाऊन नाई राह्यलं," धुरपता म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

सकाळी ती मडक्याच्या शोधात निघाली. त्या घराची देखभाल करणारी रोझान्ना नावाची बाई होती, साठीची, रुंद हातांची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. धुरपतानं जमिनीवर बसून काठीनं चूल काढली, तिच्यावर उपडं मडकं काढलं, मग हवेत रोटी लांबवून दाखवली. रोझान्ना तिच्याकडे बघत राहिली आणि तिचा हात धरून तिला कोठाराकडे घेऊन गेली. तिथं तेल साठवायचे जुने मातीचे रांजण होते. धुरपतानं चांगले रांजण वाजवून बघितले आणि सोडून दिले, सगळ्यांची बुडं सपाट होती. कोपऱ्यात एक फुटका रांजण पडला होता. त्याच्या पोटाचा मोठा, गोल तुकडा तेवढा शाबूत होता. धुरपतानं तो उचलला. रोझान्ना मान हलवून नाही नाही म्हणत होती, तिला वाटलं या बाईला कळत नाही. धुरपतानं तो तुकडा पालथा धरला, त्याच्या पाठीवरून तळवा फिरवला आणि हसली.

पाव भाजायच्या जुन्या भट्टीशेजारी विटांचा ओटा होता. तिथं विस्तव करायची परवानगी मिळाली. दिवसभर धुरपतानं त्या तुकड्याला मंद आच दिली. घाई केली असती तर तो तडकला असता. संध्याकाळी पहिली रोटी पसरली. ती चिकटली, फाटली. दुसरीही फाटली. इथलं पीठ वेगळं होतं, मऊ, हाताला साथ न देणारं. धुरपतानं मीठ वाढवलं, आणखी तासभर मळलं, दंड भरून येईपर्यंत मळलं. सातवी रोटी निघाली. रोझान्नानं ती दोन्ही हातांवर घेतली, उन्हाकडे धरून पाहिली आणि काहीतरी मोठ्यानं ओरडली. मळ्यातून चार माणसं धावत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हळदीचं जेवण होतं. अंगणात दीडशे माणसं. धुरपताच्या चुलीपुढे टेबल मांडून त्यावर झेंडू टांगले होते. लोक फोन वर धरून तिचे हात टिपत होते. रोट्या जेवढ्या निघत तेवढ्या संपत. नानाजी खुर्चीवर बसून तिसरी रोटी खात होते.

तेवढ्यात शोभाबाई आल्या. बारीक चणीच्या, ताठ, हातात ताट. थोडा वेळ त्या बघत राहिल्या. मग कौतुकानंच त्यांनी विचारलं, "हात भारी आहे हो तुमचा. कोणाच्या तुम्ही? कुठल्या?"

भूपेंद्र मागेच उभा होता. "दुर्गाबाई. आपल्या महाराजांच्या बहीण," तो घाईघाईनं म्हणाला.

धुरपताच्या दंडावर पीठ लोंबत होतं. तिनं ते रांजणाच्या तुकड्यावर पसरलं, कडा नीट केल्या, हात पुसले आणि मग मान वर केली.

"दुर्गाबाई नाई. धुरपता पुनाजी उईके. कारंज्याची हावो मी. गोंड."

अंजूच्या हातातली रोटी तशीच राहिली. टेबलापुढच्या दोन बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. शोभाबाईंनी भूपेंद्रकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्यांनी ताटातली रोटी उचलली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि बोटं रुमालाला पुसली. मागची रांग विस्कळीत झाली. काही तरुण पोरं तिथंच उभी राहिली, त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं. मोठी माणसं मात्र भाताकडे सरकली.

"झालं समाधान?" भूपेंद्र दातओठ खात तिच्या कानाशी म्हणाला. "उठा इथून. आपला दुसरा आचारी, श्रावण, तंदूरच्या रोट्या करन."

"चुलीवर रोटी हाय," धुरपता म्हणाली. "जळन ते." तिनं रोटी उतरवली, घडी घातली आणि दुसरा गोळा हातावर घेतला. अंजूनं ते पाहिलं. रिकामी परात मावशीच्या जवळ सरकवून ती खाली बसली आणि विस्तवात लाकूड घातलं.

मग खुर्चीचा आवाज आला. नानाजी काठी टेकत टेबलाला वळसा घालून चुलीपाशी आले.

"कारंज्याची म्हणालीस? बाजारात चिंचेखाली एक बाई बसे..."

"माझी माय होती."

नानाजींनी मान हलवली. "टाक एक अजून. कडक नको करू."

"अहो!" शोभाबाई लांबून म्हणाल्या.

"शोभा, कारंज्याच्या दुकानात बसत होतो तवा दर बाजाराले हे रोटी मागवत होतो मी. लग्नाआधी, लग्नानंतर. कोणाच्या हातची समजत होती तू?"

"म्हणजे इतकी वर्षं मले फसवलं?"

"तू कधी इचारलंच नाई," नानाजी म्हणाले.

कोणीतरी हसलं. शोभाबाई ताट तिथंच ठेवून घरात निघून गेल्या. रांग पुन्हा जुळली, पण सगळी नाही. निम्मी माणसं शेवटपर्यंत भाताच्या बाजूलाच राहिली आणि धुरपतानं ती कोण कोण आहेत ते नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेंद्र खोलीच्या दारात आला. रात्रभर त्याला बोलणी बसली असावीत, चेहरा उतरला होता. "मावशी, आज लग्न आहे. घरच्यांचं म्हणणं आहे, काउंटर बंद ठेवायचं. तुम्ही खोलीतच राहा. आराम करा."

"आराम कराले मी सात समुद्र ओलांडून नाई आली."

"मी काय करू? हुकूम आहे."

"काउंटर तुमचं हाय, ते बंद करा," धुरपता चपला घालत म्हणाली. "चूल माझी हाय. म्या मांडली, म्या पेटवली, रांजण मले रोझान्नानं देल्ला."

ती गेली आणि तिनं झेंडूचं टेबल एकटीनं ओढून बाजूला लावलं. मग विस्तव पेटवला. अंजू पीठ घेऊन मागोमाग आलीच. मळ्यात द्राक्षं तोडणारी तीसेक माणसं होती, त्यांत पाचसहा पंजाबी सरदार. त्यांना आणि वाढप्यांना दोन दिवस थंड पाव मिळत होता. धुरपतानं रोझान्नाला खूण केली, सगळ्यांना बोलाव. माणसं द्राक्षांचे क्रेट पालथे घालून बसली. अंजूनं कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला. एका म्हाताऱ्या सरदारानं रोटीचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिला. मग हिंदीत त्यानं विचारलं, "बहनजी, कौन गाँव?"

"कारंजा. जिल्हा वर्धा," ती म्हणाली, वाटेवरच्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

नवरदेवाची वरात त्याच वाटेनं अंगणात जात होती. बरीच माणसं थांबली, काही आत आली. भूपेंद्र लांबून हात जोडत होता, बंद कर म्हणून. धुरपतानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि रोटी पालटली.

मंडपात जायच्या आधी गुंजन आली, हातभर चुडा, पाठीमागे घागरा सावरणारी मैत्रीण. "आंटी, आजीच्या वतीनं मी माफी मागते," ती अडखळत म्हणाली.

"तू काऊन मागतं माय? तू काई केलं नाई. ज्याचं त्यानं मागावं." धुरपतानं रोटीचा एक पदर तोडून तिच्या हातात ठेवला. "खाय. उपाशी पोटी मंडपात नको उभी राहू."

गुंजन उभ्या उभ्या खाऊन गेली. शोभाबाई शेवटपर्यंत आल्या नाहीत. निघायच्या दिवशी गाडीत बसताना त्यांची आणि धुरपताची नजरानजर झाली. शोभाबाईंनी तोंड फिरवलं. धुरपतानं फिरवलं नाही.

कारंज्याला परतल्यावर भूपेंद्रनं तिचं नाव यादीतून काढून टाकलं. वर्ध्याच्या, आर्वीच्या लग्नांत दुसऱ्या बाया जाऊ लागल्या. ढाब्यावर काम होतंच, पण लग्नसराईचं बोलावणं नाही. अंजू कुरकुरली, "दोन शब्द गिळले असते तं आज हे नसतं झालं."

"नसतं झालं," धुरपतानं कबूल केलं. "पन मग हे हात दुर्गाबाईचे झाले असते. घरी येऊन तुह्या मावसाले म्या काय सांगतलं असतं?" बाजेवर बसलेला पुनाजी नुसताच हसला.

माघ महिन्यात भूपेंद्रची गाडी पुन्हा ढाब्यापाशी थांबली. तो चहा मागून इकडचं तिकडचं बोलत बसला. चहा थंड होऊ लागला तेव्हा मुद्द्यावर आला. इटलीच्या त्या लग्नातल्या पाहुण्यांपैकी एकांच्या घरी लग्न होतं, पुन्हा तिकडेच, द्राक्षांच्या मळ्यात. त्यांनी कॅटरर नंतर ठरवू म्हटलं होतं, आधी ती बाई येणार का ते सांगा.

"दुसरी कोणी चालत नाही म्हणतात," तो ओशाळून म्हणाला.

"येतो नं," धुरपता म्हणाली. "पन एकटी नाई. अजून तीन बाया आणीन. आमच्या चौघींची नावं मेनूच्या कागदावर पाहिजे, आडनावासंगट. गावासंगट."

"मावशी, मेनूवर कोणी आचाऱ्याचं नाव लिहितं का?"

"नसन लिवत. तुम्ही लिवा."

"अन् तिकडच्या घरच्यांनी आक्षेप घेतला तं?"

"तं त्यायले आत्ताच सांगा, फोन करून, माझ्यापुढं. तिथं गेल्यावर मले खोलीत कोंडायचं नाई."

भूपेंद्र हायवेकडे बघत बसला. दोन ट्रक गेले. मग त्यानं खरंच फोन लावला आणि शब्द जपत जपत, घाम पुसत, नावगावजात सगळं पलीकडच्या माणसाला सांगितलं. धुरपता समोर उभी राहून ऐकत होती. पलीकडून काय उत्तर आलं ते तिला ऐकू आलं नाही, पण भूपेंद्रचे खांदे सैल झाले. "त्यांना चालते," तो म्हणाला.

"मले चालते का, ते मी तिथं पाहीन. लिवा आता."

त्यानं खिशातून पेन काढलं आणि वहीत लिहायला लागला. धुरपता तिसरीपर्यंतच शिकलेली, पण स्वतःचं नाव तिला वाचता येत होतं. ती त्याच्या खांद्यावरून वाकली आणि वहीवर बोट ठेवलं.

"हे काय लिवलं?"

"द्रौपदी. शुद्ध लिहिलं. कागदावर चांगलं दिसन."

"खोडा ते," ती म्हणाली. "धुरपता लिवा."

त्यानं खोडलं आणि तिनं सांगितलं तसं, एकेक अक्षर, लिहिलं.