कडेवरून खाली उतरवा

मित्रांनो, गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोका द्यायचा आणि पाय आपोआप उडतो का ते बघायचं, यासाठी डॉक्टरांकडे रबरी डोक्याचा एक हातोडा असतो. तो मी. पण गोडगोड गोष्ट सांगायला आज मी तोंड उघडलेलं नाही. मी संतापलोय.

एका लहानशा कारखान्यात साच्यातून माझं रबर निघालं, त्यात चकचकीत दांडा बसला. डॉक्टरकी शिकणाऱ्या एका मुलानं मला घेतलं. काय मान होता तेव्हा! रोगी आला की तो आधी त्याला चालायला लावायचा. मग मांडीपर्यंत पाय उघडे करून दोन्ही सारखे दिसतात का, जोर किती आहे, हे तपासायचा. मग माझी पाळी. शेवटी पायावरून कापूस फिरवून विचारायचा, "कळतंय का?" त्याचे सर म्हणायचे, "हातोडा खोटं बोलत नाही. तुम्हीही बोलू नका."

तोच मुलगा डॉक्टर होऊन मंठा या तालुक्याच्या गावी आला. दवाखाना धो धो चालला आणि माझं नशीब फुटलं. कंपाउंडर वसंता माझ्या दांड्यानं टेबल बडवू लागला, "चला, फुडचा नंबर! जल्दी!"

एके दिवशी तातेराव आजोबा चार वर्षांच्या प्रीतीला कडेवर घेऊन आले. मागे तिची आई, रूपाली.

"पाय दुखून राह्यले पोरीचे," आजोबा म्हणाले.

डॉक्टरांनी लेगिंगवरूनच पोटऱ्या चाचपल्या. "ताप येऊन गेलाय ना? अशक्तपणा आहे." टॉनिक लिहिलं. रूपाली काही बोलणार, तोच वसंतानं टेबल बडवलं. मला माझीच शिसारी आली.

दोन दिवसांनी परत तेच. पोर कडेवर आली, कडेवर गेली. आजोबांची माया खरी होती हो, पण त्या मायेपायी पोरगी चालते कशी हे कुणाला दिसलंच नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पुन्हा आले. दारातच रूपाली सासऱ्यांना म्हणाली, "मामा, तिला खाली उतरवा."

"अगं, पाय दुखतेत तिचे."

"उतरवा म्हणते ना!"

वसंता हसला. "ताई, कालेजात डाक्टरकी केल्ती काय तुम्ही?"

"नाही केली. पण पोर माझी आहे. परवा हिची चप्पल पायातून निसटत होती. काल उठता येईना. आज हातातला कप सुटला. डॉक्टर, आधी तिला चालताना बघा, मग टॉनिक लिहा."

प्रीतीचे पाय फरशीला टेकले आणि ती ओल्या चिंधीसारखी जागीच बसली. डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी लेगिंग काढायला लावली, तिला टेबलाच्या काठावर पाय लोंबते सोडून बसवलं, वसंताच्या हातातून मला ओढून घेतलं. उजवा गुडघा. पाय हलला नाही. डावा. नाही. टाचेच्या मागे. तिथंही नाही. मी ठोका देतोय आणि आतून कुणी ओ देत नाही, असं झालं.

"नसांचा आजार आहे, वर चढतोय," डॉक्टर म्हणाले. "छातीपर्यंत गेला तर श्वास अडकेल. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, मी फोन करतो."

"म्या तर जपत होतो तिला..." आजोबा पुटपुटले. रूपालीनं पोरीला उचललं आणि ती बाहेर उभ्या गाडीकडे धावली.

नंतर कळलं, तिथं प्रीतीला श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं. पण ती वाचली. काही महिन्यांनी आईचं बोट धरून, पाय ओढत, स्वतः चालत दवाखान्यात आली. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "वेळेवर पाठवली म्हणून बरं झालं."

"वेळेवर नाही, डॉक्टर," रूपाली म्हणाली. "तिसऱ्या खेपेला."

मी तिच्याकडेच बघत राहिलो.

मित्रांनो, पाय लटपटत असेल तर लाजू नका, उगाच "बरा आहे" म्हणू नका. चालून दाखवा. आणि कुणी न बघताच औषध लिहू लागलं, तर खुर्ची सोडू नका.