बिननावाचा फोटो

"सिस्टर, हा फोटो कोणाचा?" डॉक्टर दामिनीने टॅबलेट उज्वलासमोर धरला.

स्क्रीनवर डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो होता. पिकलेल्या पपईच्या रंगाचा गोल आणि त्यात पसरलेल्या शिरा. पण या गोलात जागोजागी रक्ताचे लाल ओरखडे उठले होते, मधूनच कापूस चिकटल्यासारखे पांढरे डाग.

"मधली नस बघा, केवढी सुजलीय. या माणसाचं बीपी भयंकर वाढलेलं असणार. आत्ताच्या आत्ता ॲडमिट करायला हवं. कोण आहे हा?"

उज्वला गोंधळली. लातूरच्या या दवाखान्यात, कॅज्युअल्टीतच तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. पेशंट कोणता आणि रिपोर्ट कोणाचा, यात तिची कधी गफलत झाली नव्हती. पण हा हातात धरायचा कॅमेरा आजच आला होता. डोकं दुखतंय, अंधारी येते म्हणत आलेल्यांच्या डोळ्यांचा फोटो आता इथंच निघणार होता. डोळ्यांत थेंब टाकून बसवायला नको की नेत्रविभागात धाडायला नको. सकाळी दामिनीने वॉर्डबॉय आदिनाथमामांचे आणि उज्वलाचे फोटो काढून हात बसवून घेतला. तेवढ्यात उदगीरचे मलप्पा डोकं धरून आले, त्यांचेही काढले. आणि मग ऑटो उलटून जखमी झालेली माणसं आली. फोटोंना नावं टाकायची राहिली, ते नीट बघायचेही राहिले, गडबडीत मलप्पांचं बीपीही घ्यायचं राहिलं.

"पेशंट एकच होता मॅडम. मलप्पा."

"कुठायत ते?"

"गोळ्या देऊन तुम्हीच घरी धाडलंत की."

दामिनीचा चेहरा उतरला. उज्वलाने मलप्पांचा नंबर लावला. फोन त्यांच्या बायकोने, पार्वतम्मांनी घेतला. मागून कंडक्टरचा आवाज येत होता.

"अक्का, सिस्टर बोलतेय. गाडीतून खाली उतरा."

"का वो? गाडी आता सुटायलीय."

"उतरा म्हणते ना! ऑटो करून परत या. आणि मालकांना पळू देऊ नका, जिना चढू देऊ नका."

फोन ठेवून ती स्वतःच पळत जिना उतरून फाटकाशी गेली. ऊन कपाळावर हातोडीसारखं बसत होतं. प्रत्येक ऑटोत ती वाकून बघत होती.

मलप्पा आले ते रागातच. उदगीरला त्यांचं किराणा दुकान होतं. कपाळावरची विभूती घामाने पुसली गेली होती. "आत्ता तर ठीक हाय म्हणलात. मला काय व्हायलंय ते तरी सांगा. मरतो काय मी?"

पार्वतम्मा वाटेत रडल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला घट्ट धरलं होतं.

दामिनीने पुन्हा फोटो काढला. डावा, मग उजवा. दोन्ही स्वच्छ. एक ओरखडा नाही, डाग नाही. बीपी थोडंसंच वर होतं. तिने पुन्हा काढले. पुन्हा स्वच्छ.

"मंग तो फोटो कोणाचा हाय?" मलप्पांनी विचारलं.

आदिनाथमामा न सांगताच स्टुलावर येऊन बसले. त्यांचेही डोळे नितळ निघाले. मग सगळे उज्वलाकडे बघायला लागले.

"माझा कसा असंल?" ती हसली. "मला काय बी झालं न्हाई. ड्यूटी करायले की मी."

हल्ली डोकं दुखायचं, हे खरं. ती बाम चोळायची. इंजेक्शनच्या बाटलीवरची अक्षरं पुसट दिसायची, म्हणून चाळिशी आली असं तिने ठरवून टाकलं होतं. दिवाळीनंतर चष्मा करायचा होता. यात सांगण्यासारखं काय होतं?

ती बसली. डोळ्यासमोर लख्ख उजेड झाला. उज्वलाने मान वळवून स्क्रीन पाहिली. तेच लाल ओरखडे, तेच पांढरे डाग.

"कॅमेराच बिघडलाय," ती म्हणाली.

दामिनीने तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा आला तशी उज्वला म्हणाली, "पट्टा सैल हाय. परत बांधा." दामिनीने परत बांधला. मग दुसऱ्या हाताला बांधला. मग मामांनी दुसरं मशीन आणलं. प्रत्येक वेळी आकडा तसाच. दामिनी तो मोठ्याने वाचत नव्हती. उज्वला मात्र वाचत होती, आणि हा आकडा कुठल्या पेशंटचा, हेच शोधत होती.

"गोळी द्या मॅडम. सुटल्यावर घेते."

"सिस्टर, झोपा."

"आज कोणी न्हाई हो. टाके कोण बघंल?"

"झोपा म्हटलं ना." दामिनीचा आवाज चिरकला. "मेंदूत रक्तस्राव होईल. किडनीवरही परिणाम झालाय का बघायचंय."

हे शब्द उज्वलाने कितीतरी कॉटांजवळ उभं राहून ऐकले होते. आज एकेक शब्द कळत होता, पण त्यांचा मिळून काही अर्थ लागेना. ती कॉटजवळ गेली आणि सवयीने चादर ओढून सरळ करू लागली. मग थबकली. चादर सरळ झाल्यावर पुढे काय करायचं असतं, हे तिला आठवेना. मामांनी हाताला धरून तिला झोपवलं. दामिनीने सलाईन लावलं.

"सोबत कोण आहे?"

तिचा नवरा भागवत हिमायतनगरच्या शाळेत शिक्षक होता. लगेच निघाला तरी पोचायला संध्याकाळ होणार होती.

"मी बसते की," पार्वतम्मा म्हणाल्या आणि स्टूल ओढून तिच्या उशाशी बसल्या. "आमची गाडी तर गेलीच." मलप्पा पुटपुटत पाण्याची बाटली आणायला गेले.

दुपारी कपाळ फुटलेल्या माणसाला घेऊन एक बाई आत आली. दारात बावरून उभी राहिली. तिला कॉटवरचा पांढरा गणवेश दिसला. ती सरळ तिथंच आली.

"सिस्टर, यांना बघा की वो. लई रक्त चाललंय."

उज्वलाने उठायला कोपर टेकलं. पार्वतम्मांनी खांद्यावर हात ठेवला. उज्वला तशीच पडून राहिली. मग सलाईन नसलेला हात तिने चादरीबाहेर काढला.

"घाबरू नका," ती त्या बाईला म्हणाली. "स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा. त्या टेबलाशी जा. मॅडम तिथं हायत."

बाई वळेपर्यंत तिचा हात टेबलाच्या दिशेने तसाच वर राहिला.