दोन पदव्यांची भाची

माझ्या बहिणीची लेक एका दमात दोन पदव्या घेतेय: सार्वजनिक आरोग्याची, आणि तिलाच जोडून पोषणशास्त्राची वरची. एक वर्ष वाचतं म्हणे. दीडशहाणी नुसती!

मी शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं राबतेय. आज ती तिथे पाहणीला आली आणि मुलांना विचारत सुटली, "काल काय खाल्लं?" मुलं म्हणाली, अंडी, केळी, दूध. बाईसाहेबांनी उभ्या उभ्या अहवाल लिहिला: पोषण उत्तम, जादा आहाराची गरज नाही.

"मावशी, आकडे खोटं बोलत नाहीत," ती मलाच शिकवायला लागली.

"अगं, काल तपासणीचे साहेब आले होते, म्हणून अंडी शिजली. एरवी नुसता भात असतो. परवा काय खाल्लं, एवढं विचारायला आता तिसरी पदवी घेणार का?"