ज्योतीराम, कस्तुरा आणि मी

मित्रांनो, हल्ली मला कुणी 'माझा फोन' म्हणत नाही. 'तो जुना मोबाइल' एवढीच माझी ओळख उरली आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे. पाठीवरचा रंग बोटांच्या घामाने उडाला आहे. चार्जरची वायर काढली की थोड्याच वेळात माझे डोळे मिटतात. तरीही माझी गोष्ट ऐका. तिच्यात एक लेखिका आहे, आणि या जगात कधीच नसलेलं एक जोडपं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी चिंचवडच्या एका दुकानात आलो. काचेच्या कपाटातून मला विजयश्रीने घरी नेलं. ती परभणीकडची. नवऱ्याबरोबर, धनेशबरोबर, कामासाठी इकडे आलेली. सांगवीत त्यांची एक खोली होती. महाळुंग्याच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरी तपासायची.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. मला फुलाफुलांचं कव्हर मिळालं. धनेश मोठ्या कौतुकाने माझ्यावर तिचे फोटो काढायचा. मला वाटलं, हे असंच चालणार.

कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही. गेटवर कप्पे असतात, त्यांत आम्हाला ठेवून बाया कामावर जातात. एके दिवशी आजूबाजूचे सगळे फोन वाजत होते. मी वाजलो नाही. संध्याकाळी विजयश्री घरी आली, तेव्हा खुंटीवरचे धनेशचे कपडे नव्हते. पुढे गुजरातेतून त्याचा एक संदेश आला, 'इकडं काम लागलं आहे, काळजी करू नको.' सुरुवातीला तो फोन करायचा, मग ते कमी झाले आणि नंतर थांबलेच.

घरात बोलायला माणूस उरलं नाही, तेव्हा विजयश्री लिहायला लागली. गोष्टींचं एक अ‍ॅप होतं. तिथे कुणीही मालिका लिहावी आणि लोकांनी ती भागाभागाने वाचावी. कंपनीची बस सांगवीहून निघून भोसरी, मोशी करत महाळुंग्याला जायची. मोशीला गाड्या तुंबल्या की बाकीच्या बाया डुलक्या घेत आणि विजयश्रीचा अंगठा माझ्या काचेवर धावू लागे.

तिची मालिका प्रेमाची होती. नायक एका बड्या उद्योगपतीचा निळ्या डोळ्यांचा मुलगा. नायिका अनाथ. पहिल्याच भागात ती त्याच्या गाडीखाली येता येता वाचली. दुसऱ्या भागात तिचे केस त्याच्या शर्टाच्या बटणात अडकले. मी सगळं मन लावून उमटवत होतो. पण वाचणारे फारसे येईनात. जे येत, ते 'छान' असं लिहून निघून जात.

एका भागात नायिकेला निरोप पोचवायचा होता. तेवढ्यासाठी विजयश्रीने कंपनीच्या बसचा एक ड्रायव्हर आणला, ज्योतीराम. त्याच्या बसमध्ये कस्तुरा नावाची बाई चढली. तिला बस लागायची, म्हणून खिडकी उघडी हवी होती आणि काच तर घट्ट अडकलेली. दोघं कडाकडा भांडली. दुसऱ्या दिवशी कस्तुराने हात लावताच काच सरकन उघडली. ज्योतीराम आरशात बघत म्हणाला, "आज ओरडायचं नाही." एवढंच. निरोप पोचला आणि दोघांचं काम संपलं.

पण माझ्यावर प्रतिक्रियांची रांग लागली. 'ते बसवाले परत कधी येणार?' नायकाने नायिकेला हिऱ्याची अंगठी दिली, त्या भागाखालीही लोक विचारत होते, 'कस्तुराला आज त्रास नाही ना झाला?' कुणीतरी दोघांच्या नावांचं मिळून 'ज्योतुरा' असं नाव पाडलं. मग सगळेच ते वापरू लागले. चाकणच्या एका मुलीने तर दोघांचं चित्र काढून पाठवलं.

विजयश्रीला आधी रागच आला. निळ्या डोळ्यांच्या माणसावर तिने केवढी मेहनत घेतली होती! पण ती त्या प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचत राहिली आणि हळूहळू तिला उमगत गेलं. लोकांना प्रेमाची मोठमोठी वाक्यं नको होती. एकाने दुसऱ्याचं दुखणं ओळखावं आणि गाजावाजा न करता त्यावर काहीतरी करावं, हे त्यांना आवडत होतं. भांडणंही हवी होती, पण कधी हा हरेल, कधी ती हरेल अशी. आणि घाई तर मुळीच नको होती. ज्योतीरामने कस्तुराला पहिल्यांदा नावाने हाक मारली, त्या दिवशी माझ्यावर इतके संदेश आले की मी तापलो. विजयश्री हसली, तिने पदराने मला पुसलं. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते.

मग अ‍ॅपच्या ऑफिसातून हर्षालीचा फोन आला. नव्या लेखकांकडे ती बघायची.

"मॅम, साइड कपल फारच वाढलंय. मेन कपलकडे कोण बघतच नाही. त्या ड्रायव्हरला अ‍ॅक्सिडेंटमध्ये घालवा ना. लोक रडतील, मग येतील इकडे."

विजयश्रीने अपघात लिहिला नाही. तिने लिहिलं ते असं. कस्तुरा बसमध्ये चढली, तर गाडीवर दुसराच ड्रायव्हर होता. ज्योतीराम निघून गेला होता, कुणाला न सांगता. तो भाग लिहिताना तिचा अंगठा कुठेही अडखळला नाही.

वाचक खवळले. 'हा आमचा ज्योतीराम नाही.' 'लेखिकेला कंटाळा आला म्हणून त्याला हाकललं.' काहींनी वाचणंच सोडलं. अशात देहूहून तनुजा नावाच्या वाचक बाईचा व्हॉइस मेसेज आला. आवाज मात्र तिच्या सासूचा, अंबुबाईंचा होता. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, सून त्यांना भाग वाचून दाखवायची.

"पोरी, त्यो न सांगता जानारा गडी न्हाई. आमी वळखतो त्याला."

सुट्टीच्या दिवशी विजयश्रीने तनुजाकडून नंबर घेऊन त्यांना फोन लावला. "आजी, माणसं जातात हो न सांगता. खऱ्यात जातात."

"जात्यात की. माझा मालक गेला त्यो आलाच न्हाई. ते मला म्हाईत हाय गं. तेच ऐकाया मला गोष्ट कशाला पायजे? गेला तर जाऊ दे. पर का गेला, ते त्याच्या तोंडून वदवून घे. माझं इचारायचं ऱ्हाऊन गेलं."

विजयश्रीने फोन ठेवला. मग तिने धनेशचा नंबर लावला. त्याने उचलला. मागे यंत्रांचा खडखडाट होता.

"मला सांगितलं नाहीस. कामून?"

"ड्युटीवर हाव. नंतर करतो."

त्या दिवसांत तिने माझी बॅटरी कधी उतरू दिली नाही. जेवतानाही मला ताटाजवळ ठेवलं. मित्रांनो, मी पूर्ण जागा होतो. पण मी वाजलो नाही. वाजणं माझ्या हातात असतं, तर मी खोटं खोटं तरी वाजलो असतो.

शेवटी उत्तर तिलाच लिहावं लागलं. ज्योतीराम परत आला आणि ड्रायव्हर म्हणून नव्हे, तर प्रवासी म्हणून कस्तुराच्या बसमध्ये चढला. कस्तुराने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने त्याला भागामागून भाग ताटकळत ठेवलं, आणि एकाही वाचकाने 'लवकर उरका' म्हटलं नाही. मग एकदा तिने विचारलं, "का गेलास?" तो म्हणाला, "काम सुटलं होतं. तुला सांगितलं असतं, तर माझा पाय निघाला नसता."

इथेच विजयश्रीने मालिका संपवली. कस्तुराचं उत्तर लिहिलंच नाही.

हर्षाली घाबरली. "मॅम, निदान एक मिठी तरी! लोक चिडतील."

"चिडू द्या," विजयश्री म्हणाली. "त्यांना कस्तुरा माझ्याइतकीच ठाऊक आहे. ती काय म्हणाली असेल, ते तेच सांगतील."

आणि खरंच, लोक सांगू लागले. कुणाची कस्तुरा रडली, कुणाची पाठ फिरवून उतरून गेली, कुणाची नुसतीच सरकून बसली. प्रत्येकाला आपलीच खरी वाटत होती.

पुढे माझी ताकद ओसरली. विजयश्रीने नवा फोन घेतला आणि मी कपाटात जुन्या किल्ल्यांशेजारी पडलो. तिथला अंधार मला अजून आठवतो. मला वाटलं, आपलं संपलं. पण एके दिवशी तिने मला बाहेर काढलं आणि ज्योतीराम-कस्तुराचे सगळे भाग माझ्यासमोर वाचले. तिचा आवाज मी साठवून घेतला. मग ती मला देहूला घेऊन गेली.

तनुजा दिवसभर कामावर असते, घरात अंबुबाई एकट्या. विजयश्रीने माझ्या काचेवर एक टिकली चिकटवली. "आजी, टिकली चाचपायची आणि तिच्या शेजारी बोट टेकायचं." अंबुबाईंनी बोट टेकलं, आवाज सुरू झाला, आणि त्यांनी एकदम डोक्यावर पदर घेतला, कुणी पाहुणं आल्यासारखा. पुढे विजयश्री काही वेळा येऊन गेली. आता तिची शिफ्ट बदलली आहे, तिचं येणं होत नाही.

अंबुबाईंना शेवटचा भागच लागतो, तनुजा सकाळी तोच लावून ठेवते. ज्योतीरामचं ते वाक्य झालं की गोष्ट संपते आणि त्या स्वतः उत्तर देतात. एखाद्या दिवशी म्हणतात, "आलास न्हवं? मग हातपाय धू." एखाद्या दिवशी, "सांगायचं व्हतं. मी आले असते की संगं." कधी नुसतंच मला मांडीवर घेऊन बसतात, वायर निघालेली असते, आणि मी तसाच विझून जातो.

मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून तिला अंधारात टाकू नका. तिच्यात कुणाचा तरी आवाज असू शकतो. पण माझं मागणं एवढंच नाही. काल अंबुबाईंनी मला उचललं आणि कानाशी धरून विचारलं, "का रं, तुला काय वाटतं? तिनं काय म्हनावं?"

माझ्याजवळ विजयश्रीचा आवाज आहे. माझा स्वतःचा नाही. त्या कितीतरी वेळ कान लावून बसल्या होत्या. तुमच्यापैकी कुणी देहूला येणार असेल, तर आमचं दार उघडंच असतं. आत या, त्यांच्याजवळ बसा, आणि तुम्हाला काय वाटतं ते त्यांना सांगा.