विणणारी: अज्ञात

उत्तर ऑस्ट्रेलियात, आदिवासींच्या अर्नहेम लँडच्या किनाऱ्यावरील कलाकेंद्रात विणकामाचा वर्ग भरला होता. संग्रहालयातून आलेल्या फिलिपाने सत्तर वर्षांपूर्वी इथून नेलेली टोपली वर्ग घेणाऱ्या एल्सीपुढे ठेवली. टोपलीला बांधलेल्या चिठ्ठीवर ती नेणाऱ्या साहेबाचे नाव होते, त्याच्या पदव्या होत्या, त्याच्या बोटीचेही नाव होते. आणि विद्वत्तेच्या त्या साऱ्या थाटाखाली एक नम्र नोंद – ‘विणणारी: अज्ञात’.

एल्सीने टोपलीच्या बुडावरून बोट फिरवले. केवड्याच्या पात्यांचा पीळ डावीकडे झुकलेला. साऱ्या किनाऱ्यावर असा पीळ घालणारी डावखुरी त्या काळी एकच होती: तिची आई.

“हे आईचं काम आहे,” ती म्हणाली.

“मग नाव सांगा. नावाशिवाय संग्रहालय ती इथे ठेवू देणार नाही. संध्याकाळच्या विमानाने परत न्यावी लागेल.”

आई गेल्या पावसाळ्यात वारली होती. इथल्या रीतीप्रमाणे मेलेल्याचे नाव कुणी उच्चारायचे नसते. पोटच्या लेकीने तर नाहीच.

एल्सीची नणंद नेटी पाती चिरता चिरता फिस्कारली, “बोटीला नाव आहे गं, बाईला नाही!”

फिलिपा फोन चाळू लागली. “मिशनच्या जुन्या वहीत त्यांचं नाव आहे वाटतं. मी वाचते, तुम्ही फक्त मान हलवा—”

“थांब!” एल्सी म्हणाली. “तू आलीस त्या पहिल्या दिवशी मी तुला नात्यानं माझी कोण केलं?”

“धाकटी बहीण.”

“मग ती तुझी कोण?”

फिलिपाने फोन खाली ठेवला. “आई,” ती हळूच म्हणाली.

“मग तुझ्याही तोंडी ते नाव येता कामा नये.”

एल्सीने आईने शिकवल्याप्रमाणे डाव्या हाताने चार ओळी विणल्या आणि टोपलीला लावून धरल्या. पिळाला पीळ जुळला.

फिलिपाने अर्जात लिहिले: ‘एल्सीची आई. पुरावा: पीळ.’ मग वरिष्ठांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ उपदेश झाला.

“नातं म्हणजे नाव नव्हे, हे कळलं, सर,” ती म्हणाली. “पण ‘अज्ञात’ला तुम्ही कोणता पुरावा मागितला होता?”

विमान टोपलीवाचून गेले.

एल्सीने टोपली नाकाशी नेली. डांबरगोळ्यांचा वास. तिचे डोळे भरून आले.

“नेटी, हिला जरा वाऱ्यावर ठेव गं. आईला कोंदट जागा सोसायची नाही.”