आठवी खोली

पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जयप्रकाशला अकरा वर्षं झाली होती आणि जागृतीला चार महिने. तरी नव्या टीमचा हेड कोण, हे देवजी शेठच्या डेमोनंतर ठरवू, असं मालकीणबाई वैजयंतीने दोघांसमोरच सांगून टाकलं. त्या दिवसापासून जयप्रकाशला जेवण जाईना. पोरगी हुशार होती, म्हणूनच तर ती त्याच्या डोळ्यांत खुपायची.

देवजी शेठ केळ्यांचे व्यापारी. केळी पिकवायच्या आठ बंद खोल्या आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आठ बटणं. जे दाबाल त्या खोलीत गॅस सुटायचा. प्रोग्राम जागृतीने पायथनमध्ये लिहिला होता. कंपनीच्या शिरस्त्याप्रमाणे जयप्रकाशने तो वाचून ओके म्हटल्याशिवाय बाहेर जायचा नाही.

त्याने वाचला आणि चौदाव्या ओळीशी त्याचा चेहरा खुलला. आठही बटणं एकाच लूपमध्ये, म्हणजे एक ते आठ मोजत फिरणाऱ्या ओळींत, तयार होत होती, पण कुठल्याच बटणाला त्याच्या खोलीचा नंबर बांधून दिलेला नव्हता. बटण दाबल्यावर प्रोग्राम नंबर बघायला जाणार, आणि तोवर लूप आठवर येऊन थांबलेलं. म्हणजे काहीही दाबा, उघडणार आठवीच खोली. जागृतीला हे कळावं तरी कसं? ऑफिसात चाचणीला गॅस सोडणारा एकच व्हॉल्व्ह होता, तोही आठ नंबरला जोडलेला. बिचारी आठच दाबून खूश होती.

"ओके आहे," जयप्रकाश म्हणाला. "मस्त लिहिलंयस."

लाजबीज काही वाटली नाही त्याला. उलट त्या दुपारी त्याने डबा चाटूनपुसून खाल्ला.

शेठच्या गोदामात डेमोला त्यांनी एक नंबर दाबला. आठव्या खोलीत फुस्स. तीन दाबला, पुन्हा आठवीच.

"यो काय झाला? माजी सगली केली नासवाल तुमी!" शेठ भडकले.

जागृती पांढरीफटक पडली. मग ती कीबोर्डवर वाकली, ओळी चाळल्या, चौदाव्या ओळीत नंबर बांधला. पाच मिनिटांत प्रत्येक बटण आपापली खोली उघडू लागलं.

"पोरगी हुशार हाय," शेठ निवळले.

वैजयंती मात्र जयप्रकाशकडे वळली. "तुम्ही वाचलं होतंत ना? चूक दिसली नाही?"

दिसली म्हणावं, तर मुद्दाम गप्प बसलो हे उघड, नोकरीच जायची. तो म्हणाला, "नाही मॅडम. मला हे माहीत नव्हतं."

"अकरा वर्षं!" ती शेठसमोरच हसली. "जागृती, आजपासून तू हेड. पहिलं काम, यांना हे शिकव. आत्ता, इथेच."

जागृतीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. पहिलीतल्या मुलाला समजवावं तसं ती सावकाश सांगत गेली. तिच्या मनात काहीच नव्हतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

"समजलं ना सर? आता तुम्ही लिहा."

त्याची बोटं आपोआप बरोबर लिहायला निघाली. पण वैजयंती मागेच उभी होती. चटकन जमलं तर मघाचं खोटं तिला कळलं असतं. त्याने बोटं आवरली आणि मुद्दाम चुकीचं लिहिलं.

शेठ मोठ्याने हसले.

"असं नाही सर," जागृती हळूच म्हणाली. "पुन्हा एकदा सांगते."